रोल चिकटला कुठे? टोनरच्या फॉर्म्युल्याचं एक प्रकरण

वसईतल्या एका लेबल छापखान्यातून एप्रिलअखेर गडद निळ्या सॉलिडची, म्हणजे सलग भरलेल्या रंगाची, लेबलं नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका पेयाच्या कारखान्यात गेली. छपाई कोरड्या टोनरच्या (तापवून कागदावर वितळवायच्या रंगीत पावडरीच्या) डिजिटल वेब प्रेसवर झालेली. वर सेमी-ग्लॉस कागद, मध्ये गम, खाली ग्लासिनचा लायनर (लेबल सोलल्यावर मागे उरणारा कागद), आणि सगळं तीन इंची कोअरवर, म्हणजे मधल्या नळीवर, गुंडाळलेलं. लेबलिंग मशीनवर रोल चढवला तेव्हा वरचे थर सुरळीत निघाले. रोल निम्म्यावर आल्यावर चरचर आवाज सुरू झाला, मग निळ्यावर पांढुरके ठिपके दिसू लागले, आणि कोअर जवळ आला तसा लायनर फाटून मशीन थांबलं. माल परत आला. टोनरचा फॉर्म्युला आमच्या विभागाकडे असल्याने तपासही आमच्याकडेच आला.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की रोलवर टोनरने छापणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी भेटतं, आणि बहुतेक वेळा उन्हाळ्यावर आणि ट्रकवाल्यावर ढकलून मिटवलं जातं. टोनर बाटलीत कसा टिकतो आणि कागदावर वितळून बसल्यावर कसा टिकतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणी मात्र बहुतेक ठिकाणी पहिलीचीच होते.

ट्रक की रिवाइंडर?

पहिला संशय अर्थातच वाहतुकीवर. उन्हाळ्यात विदर्भात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या बंद ट्रकच्या आत त्याहून बरंच जास्त तापतं. पण त्याच बॅचचे काही रोल छापखान्यातच शिल्लक होते. वसई समुद्राकाठची, तिथलं गोदाम फार तर पस्तिशीपर्यंत जातं. ते रोल उलगडले तर बाहेरून स्वच्छ, पण कोअरजवळ तोच चरचर आवाज आणि तेच ठिपके, फक्त सौम्य. म्हणजे बिघाड वसईतच सुरू झाला होता. नागपूरच्या उन्हाने तो वाढवला, एवढंच.

दुसरा प्रश्न गमचा. लेबलच्या रोलमध्ये चिकटण्याची तक्रार आली की निम्म्या वेळा दोषी गम असतो. डाय-कटिंगच्या (लेबलं साच्याने कापण्याच्या) कडेतून तो बाहेर येतो आणि वरच्या थराला धरतो. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. गमचं चिकटणं कटच्या रेषेवर दिसतं, टोनरचं चिकटणं चित्राच्या आकारात दिसतं. इथे पांढऱ्या अक्षरांच्या जागी लायनर सहज सुटत होता आणि निळ्या सॉलिडवर धरत होता. लायनरच्या पाठीवर लोगोची उलटी, पुसट निळी छाप उमटलेली होती. भिंगाखाली सॉलिडची चमक जागोजागी मेलेली दिसत होती. टोनरचा थर तिथे ओढला जाऊन तुटला होता आणि त्याची बारीक टोकं उभी राहिली होती. गम निर्दोष.

ग्लासिनबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. त्याच्या एका बाजूला सिलिकॉन असतं, तिथे गम बसतो. दुसरी बाजू, म्हणजे रोलमध्ये छपाईवर टेकणारी पाठ, बहुतेक वेळा बिनसिलिकॉनची असते. शिवाय ग्लासिन सुपरकॅलेंडर केलेला, म्हणजे दाबून गुळगुळीत केलेला कागद. खडबडीत कागद टोनरला चार टोकांवर टेकतो, ग्लासिन पूर्ण अंगाने टेकतो. मऊ पडलेल्या टोनरला याहून सोयीचा शेजारी मिळत नाही.

मशीनवर गेलो तेव्हा रिवाइंडरवरच्या (छापलेला माल पुन्हा गुंडाळणाऱ्या यंत्रावरच्या) ऑपरेटरने नेमकी गोष्ट सांगितली: “सर, हात लावून बघा, आत्ता उतरवलाय. संध्याकाळपर्यंत असाच गरम राहतो.” थर्मामीटर गुंडाळतानाच्या वेबचं, म्हणजे छापलेल्या सलग पट्टीचं, तापमान ४८ अंश दाखवत होता. फ्यूजरनंतर, म्हणजे टोनर वितळवणाऱ्या भागानंतर, एक कूलिंग रोलर होता, पण त्यातून नळाचं साधं पाणी फिरत होतं, आणि उन्हाळ्यात छतावरच्या टाकीतलं पाणी मुळातच कोमट.

गरम गुंडाळी आतून किती वेळ गरम राहते

कागद उष्णतेचा वाईट वाहक आहे आणि गुंडाळलेल्या थरांमध्ये थोडी हवाही अडकलेली असते. अशा रोलचं उष्णता-विसरण साधारण सेकंदाला एक दशलक्षांश चौरस मीटरच्या दहाव्या भागाइतकं धरलं आणि त्रिज्या १५ सेंटिमीटर घेतली, तर आतला गरमपणा एक तृतीयांशावर यायला दहा-अकरा तास लागतात. ऑपरेटरची ‘संध्याकाळपर्यंत’ अगदी बरोबर होती.

आता दाब. गुंडाळताना एका थरामुळे आतल्या थरावर येणारा दाब म्हणजे वेबचा ताण भागिले रुंदी आणि त्रिज्येचा गुणाकार. ३३० मिलिमीटर रुंदीच्या वेबवर १०० न्यूटन ताण असेल, तर ४ सेंटिमीटर त्रिज्येवर एकच थर साडेसात किलोपास्कल दाब देतो. २० सेंटिमीटरवर तोच दीड किलोपास्कलवर येतो. वर आणखी थर चढत जातात तसा आतला दाब साचत जातो आणि काही अंतरानंतर स्थिरावतो. ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा ठेवला की कोअरजवळचे थर सर्वाधिक आवळले जातात, आणि तेच सर्वात उशिरा निवतात. बिघाड कोअरकडे का वाढत गेला याचं उत्तर या दोन ओळींत आहे.

पण ४८ अंशाला टोनर मऊ का पडावा? आमच्या नोंदीप्रमाणे त्याचं काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याला सगळे टीजी म्हणतात ते, ५९ होतं. त्याखाली टोनरमधलं रेझिन, म्हणजे त्याचा प्लास्टिकसारखा मुख्य घटक, काचेसारखं कडक असतं, त्यावर गेलं की रबरी होऊन हळूहळू वाहू लागतं. हा बदल फार झपाट्याचा असतो. पॉलिमरवाल्यांचं नेहमीचं डब्ल्यूएलएफ समीकरण लावलं तर टीजीच्या ५ अंश वर रेझिनच्या रेणूंच्या साखळ्यांची हालचाल साधारण पस्तीसपट वाढते आणि १० अंश वर सातशेपटीच्या आसपास जाते. टीजी ५९ असेल तर ४८ ला काहीच व्हायला नको. ४७ असेल तर मात्र बारा तास दाबाखाली ठेवलेल्या थराने शेजाऱ्याला धरणं स्वाभाविक आहे.

बाटलीतला टोनर पास, कागदावरचा नापास

टोनरच्या साठवणुकीची नेहमीची चाचणी सोपी आहे. पावडर बाटलीत भरून ५० अंशाच्या ओव्हनमध्ये एक दिवस ठेवायची, मग चाळून गुठळ्या किती निघतात ते बघायचं. या बॅचने ही चाचणी स्वच्छ पार केली होती आणि परत केली तेव्हाही पार केली. पावडर वाहत होती, चाळणीवर काही राहत नव्हतं.

फॉर्म्युल्यात काय होतं ते सांगतो. मुख्य भाग बिसफेनॉल-ए आणि टेरेफ्थॅलिक आम्लावर आधारलेलं अस्फटिकी पॉलिस्टर. त्यात ८ टक्के स्फटिकी पॉलिस्टर, मग मेण, रंगद्रव्य, चार्ज कंट्रोल एजंट, आणि कणांच्या बाहेरून सिलिकाचा लेप. स्फटिकी पॉलिस्टर घालायचं कारण म्हणजे कमी तापमानाला फ्यूज होणं. ते सत्तरच्या आसपास एकदम वितळतं, वितळल्यावर मुख्य रेझिनमध्ये मिसळून त्यालाही पातळ करतं आणि टोनर कागदाला चटकन धरतो. लेबलच्या धंद्यात हे फार महत्त्वाचं, कारण कागदाइतकीच छपाई पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीनच्या फिल्मवर होते, आणि फ्यूजर जास्त तापवला की फिल्म आक्रसते.

अडचण वितळल्यानंतरची आहे. बाटलीतल्या कणात स्फटिकी भाग वेगळे गट करून बसलेला असतो, त्यामुळे मुख्य रेझिनचा टीजी शाबूत राहतो. फ्यूजरमधून गेल्यावर दोन्ही रेझिन एकमेकांत विरघळतात. निवताना स्फटिकी भागाने पुन्हा वेगळं होऊन स्फटिक धरायला हवेत, पण त्याला वेळ लागतो. साजूक तूप हळू निवलं की रवा धरतं आणि कढत असतानाच फ्रीजमध्ये टाकलं की गुळगुळीत थिजतं, तसंच हे. रवा धरला नाही तर विरघळलेला स्फटिकी भाग मुख्य रेझिनसाठी प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ करून टीजी खाली ओढणारा, ठरतो.

हे मोजायचं साधन प्रत्येक टोनर प्रयोगशाळेत असतं, डीएससी यंत्र. तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते हे यंत्र मोजतं. नमुना एकदा तापवायचा, वितळू द्यायचा, झटकन थंड करायचा आणि पुन्हा तापवायचा. पहिल्या तापवणीतला टीजी बाटलीतल्या टोनरचा. दुसऱ्या तापवणीतला टीजी जवळपास कागदावरच्या टोनरचा. आमच्या बॅचचे आकडे अनुक्रमे ५९ आणि ४७ आले. मिश्रणाचा टीजी काढायच्या फॉक्सच्या समीकरणाने ताळा केला: मुख्य रेझिन ६० अंशांचं आणि स्फटिकी पॉलिस्टरचा अस्फटिक अवस्थेतला टीजी उणे ६० च्या आसपास धरला, तर ८ टक्के पूर्ण विरघळल्यावर मिश्रण ४५-४६ वर येतं. म्हणजे कागदावर जवळजवळ सगळा स्फटिकी भाग विरघळलेलाच राहिला होता. या एका आकड्याने सगळं प्रकरण उलगडलं. गुंडाळताना वेब ४८ ला, छापलेल्या थराचा टीजी ४७ ला, वर दाब, आणि हातात अख्खी रात्र.

सगळ्यांना सुचलेला पहिला उपाय मशीनवरचा होता: चिलर बसवा, वेब तिशीपर्यंत थंड करून गुंडाळा. तो करायलाच हवा होता आणि केलाही. पण एवढ्यावर भागलं नसतं. टीजीच्या खाली गेल्यावर साखळ्यांची हालचाल थांबते, त्यामुळे स्फटिक धरण्याची प्रक्रियाही थांबते. वेब झटकन थंड केला की विरघळलेलं मिश्रण तसंच गोठतं. रोल वसईत सुरक्षित राहतो, पण त्याचा टीजी ४७ च राहतो. तो रोल मे महिन्यात ट्रकमध्ये चढला की तिथे मऊ पडणार. नुसत्या चिलरने बिघाड वसईहून बुटीबोरीला सरकला असता. फ्यूजर आणि चिलर यांच्यामध्ये वेबला काही सेकंद मिळतात. तेवढ्यात स्फटिक धरणारा टोनर बनवणं हे फॉर्म्युल्याचं काम आहे.

काय करून पाहिलं आणि का सोडलं

सिलिका वाढवून पाहावा असं विभागातल्या तरुण मंडळींचं म्हणणं होतं. पावडरमध्ये सिलिका कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो, म्हणून ते सुचणं साहजिक आहे. ऑफसेटवालेही सेट-ऑफ (ओल्या शाईची वरच्या कागदावर उमटणारी छाप) होऊ नये म्हणून गड्डीवर स्टार्चची पावडर मारतात. पण टोनरचा बाहेरचा सिलिका फ्यूजरमध्ये वितळलेल्या थरात बुडतो. नॅनोमीटरच्या मापाचा कण काही मायक्रॉन जाडीच्या थरात गेला की वर डोकावत नाही. बाटलीतली चाचणी आणखी छान पार पडली, छापलेल्या पट्ट्या पूर्वीसारख्याच चिकटल्या.

मेण वाढवल्यावर मात्र फरक पडला. वितळताना मेण पृष्ठभागावर येतं आणि शेजारच्या थराला धरू देत नाही. कार्नोबा मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणजे ट्रकच्या तापमानाला ते घट्टच राहतं. पण बुटीबोरीच्या कारखान्यात त्याच लेबलवर थर्मल ट्रान्सफर रिबनने बॅच नंबर, तारीख आणि किंमत छापली जाते. मेणाळ पृष्ठभागावर रिबनची शाई बोटाने पुसली गेली. खाद्यपदार्थाच्या बाटलीवरची तारीख पुसली जाणं हा चिकटण्याहून मोठा गुन्हा आहे. लॅमिनेशनची पकडही सैल झाली. हा मार्ग बंद केला.

मुख्य रेझिनचा टीजी सरळ वर नेणं हा सर्वात जुना मार्ग. रेझिनची घडण थोडी बदलली की टीजी किती हलतो हे स्टायरीन-अ‍ॅक्रिलेटच्या उदाहरणात छान दिसतं. पॉलिस्टायरीनचा टीजी १०० आणि पॉलिब्युटिल अ‍ॅक्रिलेटचा उणे ५४. ८०-२० च्या मिश्रणाचा येतो ५४ च्या आसपास, ८५-१५ चा ६४. पाच टक्क्यांत दहा अंश. आमच्या पॉलिस्टरमध्येही टीजी सहज वाढवता आला आणि चिकटणं थांबलं. पण फ्यूजिंगचं किमान तापमान त्याच्याबरोबर वर गेलं, फिल्मवर टोनर नीट बसेना, टेप लावून ओढला की रंग सुटायला लागला. कागदापुरता टोनर बनवायचा असता तर इथेच थांबलो असतो. छापखान्याला मात्र दोन्हींसाठी एकच टोनर हवा होता, आणि त्यांची मागणी रास्त होती. मशीनमधला टोनर बदलायचा म्हणजे सगळी स्टेशनं साफ करायची.

शेवटी बदललेला फॉर्म्युला

मुख्य बदल स्फटिकी पॉलिस्टरमध्ये केला. आधीचं सेबॅसिक आम्ल आणि हेक्झेनडायॉलचं होतं. (सेबॅसिक आम्ल एरंडेल तेलापासून बनतं आणि जगात एरंडीचं सर्वाधिक पीक आपल्या देशात, मुख्यतः गुजरातेत येतं, त्यामुळे ते सोडताना मन थोडं मागे ओढलं.) नव्यासाठी बारा कार्बनांचं डायअ‍ॅसिड आणि नऊ कार्बनांचं डायॉल घेतलं. कार्बनांची सरळ साखळी लांबली की दोन गोष्टी होतात. सुगंधी वलयांनी भरलेल्या मुख्य रेझिनशी तिचं कमी जमतं, आणि तिच्या साखळ्या एकमेकींशेजारी लवकर रचल्या जातात. त्यातही साखळीच्या टोकाला बेहेनिक आम्लासारखी २२ कार्बनांची शेपटी जोडली. ही शेपटी स्फटिकाचं बीज बनते. मुख्य रेझिनशी फार वैर झालं तर वितळताना मिसळणंच होत नाही आणि फ्यूजिंगचा फायदा जातो, म्हणून नेमकं प्रमाण जुळवण्यात सर्वाधिक वेळ गेला. अखेर स्फटिकी भाग ८ वरून ५ टक्क्यांवर आणला.

कमी केलेल्या तीन टक्क्यांची भरपाई करताना दुसरा बदल झाला. मुख्य पॉलिस्टर आता दोन जातींचं मिश्रण आहे. एक कमी रेणुभाराचं, चटकन वितळणारं. दुसरं ट्रायमेलिटिक अनहायड्राइडने फांद्या फोडलेलं. फांद्यांमुळे रेझिनमध्ये सैल जाळं तयार होतं, आणि थर टीजीच्या थोडा वर गेला तरी तो वाहत नाही, दबतो आणि पुन्हा उठतो. रोलमधल्या दाबाला तोंड देताना मला हा गुण टीजीइतकाच मोलाचा वाटतो. फक्त आकड्यांत तो पटकन दिसत नाही, म्हणून खरेदी करणाऱ्यांच्या यादीत त्याला जागा नसते. फांद्या जास्त झाल्या की सॉलिडची चमक उतरते, तेवढं सांभाळावं लागतं.

नव्या टोनरची डीएससी पहिल्या तापवणीत ६० आणि दुसऱ्या तापवणीत ५५ दाखवते. फ्यूजिंगचं किमान तापमान जुन्यापेक्षा साधारण पाच अंशांनी वर गेलं. छापखान्याने पॉलिथिलीन फिल्मवर वेग थोडा उतरवला आणि ते मान्य केलं.

चाचणीची पद्धतही बदलली. कागद आणि बोर्डाच्या चिकटण्यासाठी एएसटीएम या मानक-संस्थेने डी९१८ ही पद्धत लिहिलेली, तिचा धागा धरून आम्ही आमच्या मालाला जुळेल अशी मांडणी केली. मशीनवर छापलेली, ताजी, चिल न केलेली पट्टी घ्यायची. तिच्यावर ग्राहक वापरणार आहे त्याच लायनरची पाठ टेकवायची. दोन काचांमध्ये ठेवून वजन द्यायचं आणि ओव्हनमध्ये तीन दिवस ठेवायचं. बाहेर काढल्यावर पूर्ण थंड होऊ द्यायची आणि मग हळू सोलायची. सोलताना कान लावून ऐकायचं, कारण डोळ्याला काही दिसण्याआधी चरचर ऐकू येते. आवाज नाही तर पास. आवाज आहे पण चमक शाबूत, तर सावध. ठिपके दिसले की नापास. नवा टोनर ५० अंशांना गप्प सुटतो, ५५ ला किंचित बोलतो, ६० ला चिकटतो. जुना ५० लाच लायनर फाडत होता.

छापखान्याने आपल्या बाजूने कूलिंग रोलरला चिलर जोडला. आता वेब ३३-३४ अंशांना गुंडाळला जातो. रिवाइंडरवर टेपर टेन्शन चालू केलं, म्हणजे रोल मोठा होत जाईल तसा ताण कमी होत जातो आणि आतले थर आवळले जात नाहीत. सॉलिडच्या मालाचे रोल लहान व्यासाचे ठेवायचं ठरलं. टेपर टेन्शन मशीनच्या पॅनेलवर आधीपासून होतं, फक्त कुणी हात लावला नव्हता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बुटीबोरीला गेलेले निळे रोल कोअरपर्यंत सुटले. साठ अंशांची मर्यादा मात्र राहिलीच आहे. भर दुपारी उन्हात उभा राहिलेला बंद ट्रक तिथपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून एप्रिल ते जूनचा विदर्भाचा माल रात्रीच्या गाडीने पाठवायचा आणि बॉक्स ट्रकच्या छताला टेकू द्यायचे नाहीत, हे पाठवणीच्या चलनावर छापलं जातं.

चार रंगांच्या गडद सॉलिडमध्ये अजून काम बाकी आहे. निळा एका थराचा, पण काळपट मरून रंगात टोनरचे तीन-चार थर एकमेकांवर बसतात. थर जाड झाला की आतून हळू निवतो आणि दाबाखाली जास्त पसरतो. तिथे फॉर्म्युल्याआधी प्री-प्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करतानाच, उपाय आहे. करड्या भागाचा बोजा तीन रंगांवरून काढून काळ्यावर टाकला की एकूण टोनर बराच कमी होतो आणि रंग डोळ्याला तोच दिसतो. छापखान्याच्या प्री-प्रेसमधल्या ताई आता अशी प्रत्येक फाइल त्या नजरेने तपासतात.

पीव्हीसीचे स्टिकर हा त्याहून अवघड विषय. जुनी झेरॉक्स प्लास्टिकच्या फोल्डरला चिकटून अक्षरं फोल्डरवर उतरलेली अनेकांनी पाहिली असतील. पीव्हीसी मऊ करायला घातलेला प्लास्टिसायझर टोनरमध्ये शिरतो आणि टीजी खाली ओढतो. त्याला उष्णता लागत नाही, नुसता सहवास पुरतो. पॉलिस्टर यात स्टायरीन-अ‍ॅक्रिलेटपेक्षा बरंच टिकतं, पण रोलमध्ये महिनोन्‌महिने आवळून ठेवल्यावर काय होतं ते पाहायला पट्ट्या सध्या कपाटात वजनाखाली ठेवल्या आहेत.